कुड, फळी आणि वीज : बारवी खोऱ्यातील लाकडी भिंतींवरील दिव्यांचा इतिहास

१. विषयप्रवेश

महाराष्ट्रातील विद्युतीकरणाचा इतिहास आजवर बहुधा वीजगृहांचा, तारमार्गांचा आणि मंडळांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. धरण कोणी बांधले, जनित्र केव्हा फिरू लागले, तार कोणत्या गावी कोणत्या साली पोहोचली, ह्या प्रश्नांची उत्तरे अहवालांतून मिळतात आणि त्यांची जुळणी करणे अभ्यासकास फारसे अवघड जात नाही. परंतु तार गावात पोहोचणे आणि दिवा घरात लागणे ह्या दोन भिन्न घटना होत. खांबावरून आलेली तार शेवटी एका भिंतीपाशी येऊन थांबते. ती भिंत दगडाची आहे, विटेची आहे, फळ्यांची आहे की कारवीच्या काटक्यांची आहे, ह्यावर दिवा कोठे लागावयाचा, बटन कोठे बसावयाचे आणि ते घरातील माणसांस कितपत निर्धोक राहावयाचे, हे ठरत असते. विजेच्या प्रवासातील हा अखेरचा हातभर टप्पा इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात ह्या टप्प्याचा विचार एका मर्यादित प्रदेशापुरता केला आहे. बारवी धरणाभोवतीचे खोरे, त्याला लागून असलेली बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही नगरे, आणि त्यांचा जुना आधार असलेले कल्याण, एवढे क्षेत्र येथे घेतले आहे. लहानशा टापूत लाकडी बांधणीच्या तीन निरनिराळ्या परंपरा आढळतात : जुन्या पेठांतील सागवानी सांगाड्याची घरे, युद्धकाळातील लष्करी बराकी, आणि डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील कुडाची घरे. ह्या तिन्हींवर वीज चढली; पण तिन्हींवर ती एकाच रीतीने चढली नाही.

२. प्रदेश व त्याच्या भिंती

बारवी ही उल्हास नदीची उपनदी. तिच्यावरील धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधले. महामंडळाची स्थापना १९६२ सालची आणि धरणाचा पहिला टप्पा १९७२ सालचा. हे धरण मुख्यतः पाण्यासाठी बांधले गेले, विजेसाठी नव्हे; हे येथे मुद्दाम सांगावयास हवे, कारण धरण म्हटले की वीज, असे समीकरण सामान्य वाचकाच्या मनात असते. खोऱ्यातील वस्ती मुख्यत्वे ठाकूर, कातकरी, कुणबी व आगरी समाजांची. पाऊस भरपूर, जंगल दाट, आणि घरबांधणीस लागणारे बहुतेक सामान हाताशी. त्यामुळे येथील पारंपरिक घर म्हणजे जंगलाचीच एक पुनर्रचना होय, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या घराचा कणा म्हणजे मेढी. टोकाला बेचके असलेले लाकडी खांब जमिनीत पुरून त्यांच्या बेचक्यांत आडवी लाकडे टाकतात. त्यांवर आढे, वासे आणि अखेर कौल अथवा गवत. छपराचा सारा भार मेढींवर असतो. भिंतीवर भार नसतो, म्हणून ती हलकी चालते. कारवीच्या, साधारण बोट-अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या एकमेकींस लगटून बहुधा उभ्या लावतात, त्या आडव्या कामट्यांना बांधून घट्ट करतात, आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचे लिंपण देतात. हाच कुड. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर मुबलक वाढणारी वनस्पती. तिला सुमारे सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलोरा येतो आणि त्यानंतर ती वाळते. लिंपण वर्षागणिक नवे होते, काटक्या काही वर्षांनी बदलतात, मेढी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतात. घराच्या अवयवांचे आयुष्य असे वेगवेगळे असणे हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

कल्याणसारख्या जुन्या पेठेतील घर ह्याहून श्रीमंत, परंतु तत्त्वतः त्याच कुळातले. तेथेही भार सागवानी खांब-तुळयांवर असतो. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात आणि घराचे मोजमाप खणांत होते. मधली जागा विटांनी अथवा मातीने भरलेली, आतील आडभिंती पुष्कळदा फळ्यांच्या, माथ्यावर तक्तपोशी. मेढ आणि खांब ह्यांत आकाराचा व किमतीचा फरक आहे, कार्याचा नाही.

३. विजेपूर्वी दिव्याची जागा

वीज आली तेव्हा तिने रिकाम्या भिंतीवर आपली जागा शोधली, असे मानणे चुकीचे होईल. दिव्याची जागा तत्पूर्वीच ठरलेली होती. जाड भिंतींच्या घरात ती दिवळी होती. भिंतीच्या जाडीतच कोरलेला हा लहान कोनाडा वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण करी आणि काजळी एका ठिकाणी सामावून घेई. कुडाच्या भिंतीची एकूण जाडी चार-सहा सेंटिमीटरच्या आसपास. तीत दिवळी कोरणे शक्यच नाही. शिवाय उघडी ज्योत वाळलेल्या काटक्यांजवळ ठेवणे म्हणजे घरास आग लावण्याची सिद्धताच. म्हणून तेथे घासलेटची चिमणी मेढीला टांगावी, मेढीवरील खिळ्यास अडकवावी किंवा जमिनीवर मध्यभागी ठेवावी, हाच स्वाभाविक मार्ग होता.

ह्यावरून एक अनुमान काढता येते. जाड भिंतीच्या घरात दिवा भिंतीत असे; पातळ भिंतीच्या घरात तो खांबावर असे. पुढे विजेचे बटन व दिवा बसविताना हाच भेद पुन्हा प्रकट झाला. वायरमनने आपल्या शास्त्राच्या नियमाने जागा निवडली असे वरवर दिसते. पण ज्या मेढीवर त्याची दृष्टी गेली ती मेढ चिमणीच्या काजळीने आधीच काळवंडलेली असावयाची. तंत्र नवे असले तरी त्याचे आसन जुनेच होते.

४. तार जवळून जाते

मुंबईत विजेच्या दिव्यांचा पहिला सार्वजनिक प्रयोग १८८२ सालचा. त्या वर्षी मुंबई नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी क्रॉफर्ड मार्केट व काही रस्ते उजळण्याचा करार केला. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि बाजारात पुन्हा गॅसचे दिवे आले. योगायोग असा की, त्याच १८८२ साली लंडनमध्ये विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगसंबंधी आपले पहिले नियम प्रसिद्ध केले; आणि त्या नियमांच्या नावातच विजेच्या दिव्यांपासून उद्‌भवणाऱ्या आगीच्या धोक्याचा निर्देश होता. विजेची पहिली भीती धक्क्याची नव्हती, आगीची होती. घर लाकडाचे आणि तार तापणारी, ही जोडी त्या काळी सर्वांनाच सलत होती.

१९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी अस्तित्वात आली आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत्‌ केंद्र सुरू झाले. १९२२ साली कर्जतनजीक भिवपुरीचे. भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी उल्हास नदीत येते, आणि हीच नदी पुढे बदलापूरवरून वाहते. म्हणजे बदलापूरकरांच्या नदीतून १९२२ पासून असे पाणी वाहत आहे, की ज्याने आधी मुंबईचे दिवे लावले आहेत.

रेल्वेचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. १९२९ साली कल्याण ते पुणे हा मार्ग विद्युत्‌मय झाला, आणि ठाकुर्लीनजीक चोळे येथे रेल्वेचे स्वतःचे वीजगृह उभे राहिले. बदलापूर हे कल्याण-कर्जत मार्गावरील स्थानक असल्याने पंधराशे व्होल्टची तार १९२९ पासून गावाच्या कडेने जात होती. ती तार गावासाठी नव्हती. रुळांपासून काही कोसांवर असलेल्या बारवी खोऱ्यातील वाड्यांत दिवेलागणीस चिमणीच पेटत राहिली. वीज दिसणे आणि वीज असणे ह्यांतील हे अंतर पुढे कित्येक दशके टिकले.

ह्याच टापूत लाकडाचा आणि आगीचा आणखी एक संबंध जुळून आला होता. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथ येथे होता. लाकडाची काडी करून तीत आग बंदिस्त करणे हा तेथील धंदा. वायरिंग करणाऱ्याचे काम नेमके उलट : लाकडाजवळून जाणारी आग त्याला कधीही जागी होऊ द्यावयाची नव्हती.

५. लाकूड हेच कवच

सागवानी घरांवर वीज चढली ती लाकडाच्याच आवरणातून. प्रारंभीच्या पद्धतींपैकी एक म्हणजे चिनी मातीच्या गुट्ट्यांवर तार ताणून ती लाकडापासून अलग ठेवणे. अमेरिकेतील लाकडी घरांत १८८० नंतर सुमारे अर्धशतक हीच रीत चालली. तेथे तार तुळईतून आरपार न्यावयाची झाल्यास छिद्रात चिनी मातीची नळी बसवीत. आपल्याकडे घरगुती कामात अधिक रुजली ती केसिंगची पद्धत. सागवानी पट्टीला दोन समांतर खाचा पाडावयाच्या, एकीत एक व दुसरीत दुसरी तार घालावयाची, आणि वर पातळ लाकडी झाकणपट्टी स्क्रूने बसवावयाची. तारेवर व्हल्कनीकृत रबराचे वेष्टन असे. रबरातील गंधक तांब्यास खाते, म्हणून तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा दिलेला असे.

सागच का, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या लाकडाच्या गुणात आहे. सागात स्वाभाविक तैलांश असतो. वाळवी त्यास सहसा लागत नाही. तो ऋतुमानाने फारसा वाकत नाही. सुके लाकूड विजेस जवळजवळ अडवूनच धरते. पण लाकडाचा हा गुण त्याच्या सुकेपणावर अवलंबून आहे. पूर्ण वाळलेले लाकूड आणि पाण्याने तृप्त झालेले लाकूड ह्यांच्या विद्युत्‌रोधात प्रचंड फरक पडतो. कोकणपट्टीत चार महिने हवा ओलीचिंब असते. तेव्हा जे लाकूड मे महिन्यात कवच असते, तेच जुलैमध्ये, विशेषतः गळक्या छपराखाली, धोक्याचे वाहक बनू शकते. ओलसर भिंतींवर केसिंग नको, आणि घालावयाचीच तर ती भिंतीपासून थोडी अलग धरावी, हा जुन्या कारागिरांचा दंडक ह्या अनुभवातून आलेला होता.

पुढे केसिंगची जागा बॅटनने घेतली. रबराच्या चिवट आवरणाची तार सागवानी पट्टीच्या पृष्ठावर पितळी क्लिपांनी धरून ठेवावयाची. क्लिपा आडव्या ओळीत साधारण दहा व उभ्या ओळीत साधारण पंधरा सेंटिमीटरवर. तार आता झाकलेली नव्हती, डोळ्यांसमोर होती. हा बदल केवळ स्वस्ताईचा नव्हता. झाकलेल्या खाचेत उंदराने कुरतडलेले वेष्टन कोणास दिसत नसे. उघड्या पट्टीवर ते दिसे. पुढे रबराची जागा पीव्हीसीने घेतली आणि अखेर लाकडी पट्टीही मागे पडून प्लॅस्टिकची नळी आली. तरीसुद्धा जुन्या घरांच्या खांबांवरून तुळईकडे सरळ चढत जाणारी, वार्निशाने काळसर झालेली पट्टी आणि तिच्या टोकाशी गोल लाकडी ब्लॉकवर बसविलेले पितळी टोपीचे बटन, ही जोडी त्या पिढीच्या स्मृतीत घराचेच एक अंग म्हणून राहिली आहे.

ह्या पट्ट्यांच्या मार्गाचे निरीक्षण केल्यास असे दिसून येते की, त्या घराच्या सांगाड्याचे अनुसरण करतात. तार खांबावरून चढते, तुळईच्या कडेने जाते, तक्तपोशीच्या सांध्यावरून वळते. खणाची रचना जणू विजेच्या रेषेने पुन्हा एकदा गिरविली जाते. विटेच्या नव्या घरात तार गिलाव्याखाली कोठूनही जाऊ शकते. लाकडी घरात तिला घराचे व्याकरण पाळावे लागते.

६. गोल पृष्ठभागाचा प्रश्न

येथे एका व्यापक तांत्रिक प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. विजेचे बटन, दिव्याचा होल्डर, तीन पिनांचा सॉकेट ही सारी उपकरणे सपाट बैठकीची असतात. ती घडविणाऱ्यांनी सपाट भिंत गृहीत धरली आहे. भिंत सपाट नसेल तर काय करावे?

ह्या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट आविष्कार ओंडक्यांच्या घरांत होतो. स्कँडिनेव्हियात व उत्तर अमेरिकेत आडव्या ओंडक्यांची चळत रचून भिंत उभारण्याची परंपरा आहे. अशी भिंत भरीव असल्याने तार नेण्यास पोकळी नसते. ओंडके रचतानाच त्यांना छिद्रे पाडून ठेवावी लागतात. शिवाय लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, आडवे मात्र आटते. आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणूनच वाळताना उंचीने खचते आणि उभ्या तारेस त्यासाठी ढील ठेवावी लागते. दुसरा प्रकार अनुकरणाचा : नेहमीच्या लाकडी चौकटीवर बाहेरून अर्धगोल फळ्या ठोकून ओंडक्याचा भास निर्माण करतात. तेथे तार मागल्या पोकळीतून जाते, परंतु दिवा वा सॉकेट बसविताना गोलाईचा प्रश्न उरतोच. त्यावर दोनच उपाय आहेत. एक, पटाशीने गोलाई तासून उपकरणाएवढी सपाट बैठक काढणे. दोन, पाठीमागची बाजू गोलाईप्रमाणे कोरलेला व पुढची बाजू सपाट असा ठोकळा मध्ये घालणे. बाहेरच्या भिंतीवर अशा ठोकळ्याची वरची व बाजूंची फट बुजवितात आणि खालची मोकळी ठेवतात, म्हणजे आत शिरलेले पाणी निघून जाते.

आता कुडाकडे पाहिले तर तो लहान प्रमाणावरील ओंडक्यांची भिंतच आहे. काटक्या गोल, त्यांच्या ओळीवर दिलेले लिंपण उंचसखल, आणि पृष्ठभाग दरवर्षी नव्याने चढणारा. फरक एवढाच की ओंडका स्क्रू धरतो, कारवी धरीत नाही. पोकळ, ठिसूळ काटकीत स्क्रू फिरविला की ती उभी चिरते. म्हणून ओंडक्याच्या भिंतीस लागू पडणारा पहिला उपाय येथे निरुपयोगी ठरतो आणि दुसऱ्याचेच एक देशी रूप पुढे येते. आपल्याकडील जुन्या बटनाखालचा गोल लाकडी ब्लॉक आणि होल्डरखालची फळी ही मुळात हेच काम करतात : खडबडीत भिंत आणि सपाट उपकरण ह्यांच्यामध्ये मध्यस्थी.

विटेच्या भिंतीसाठी भारतीय मानक संस्थेच्या वायरिंगविषयक संहितेत सांगितलेली लाकडी खुंटी येथे तुलनेस घेण्याजोगी आहे. चांगल्या वाळलेल्या सागाची, निदान पाच सेंटिमीटर लांब, आतल्या टोकास अडीच व बाहेरच्या टोकास दोन सेंटिमीटर चौरस, अशी ती भिंतीत सिमेंटने बसवावयाची आणि तीत स्क्रू घ्यावयाचा. आत रुंद व बाहेर निमुळती असल्याने ती ओढली तरी निघत नाही. ही योजना विटेच्या भिंतीसाठी उत्कृष्ट आहे. पण ज्या भिंतीची एकूण जाडीच पाच सेंटिमीटरच्या आगेमागे, तीत पाच सेंटिमीटरची खुंटी बसवावयाची कशी? संहितेने मुख्यतः जी भिंत डोळ्यांपुढे ठेवली ती बारवी खोऱ्यातील भिंत नव्हती.

७. बराकींचे मधले पर्व

पेठेतील घर व डोंगरातील झोपडी ह्यांच्या मध्ये, काळाने व स्थळाने, उल्हासनगरचे पर्व येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी वसविण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील दोन हजारांहून अधिक बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

बराक ही सैनिकांसाठी योजिलेली लांबच लांब वास्तू. तीत दिव्यांची योजना असली तर ती एका मोठ्या दालनाची असावयाची : माथ्यावर ओळीने दिवे आणि दाराशी बटन. अशा एका दालनात अनेक कुटुंबे राहावयास आली तेव्हा मध्ये आडोसे उभे राहिले. आरंभी गोणपाटाचे, चादरींचे; पुढे फळ्यांचे व पत्र्याचे; अखेर विटांचे. आडोसा घातला की माथ्यावरचा एक दिवा दोन घरांचा होतो आणि बटन तिसऱ्याच्या हाती राहते. वीज ही मोजून घ्यावयाची वस्तू असल्याने हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो मालकीचा होतो. स्वतंत्र दिवा, स्वतंत्र बटन आणि स्वतंत्र मीटर ही निर्वासित कुटुंबाच्या दृष्टीने आपले वेगळे घर सिद्ध झाल्याची खूण होती, असे मानण्यास जागा आहे. बराकीचा आडोसा पातळ होता, पण त्यावर चढलेल्या तारेने त्यास भिंतीचा दर्जा दिला.

८. मेढीवरचा बोर्ड

ग्रामीण भागाच्या विद्युतीकरणास संस्थात्मक बळ मिळाले ते १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानंतर. त्या कायद्यान्वये मुंबई राज्याचे वीज मंडळ १९५४ साली स्थापन झाले, आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरातील वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून व परवानाधारक कारागिराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले. नियम योग्यच होता. मात्र शहरी कारागीर विटेच्या भिंतीवर हात बसलेला, आणि वाडीतील घर कुडाचे. ह्या दोहोंची गाठ पडली तेव्हा प्रत्यक्ष तोडगा वहीत नव्हे, जागेवर निघाला.

१९८८-८९ साली केंद्र शासनाची कुटीरज्योती योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाच्या घरात एका दिव्याची जोडणी द्यावयाची आणि घरातील वायरिंगचा खर्चही अनुदानातून भागवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पुढे २००५ साली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ साली सौभाग्य योजना आली. वीज मंडळाचे विभाजन होऊन २००५ पासून वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आहे. 'एक दिवा' ही संकल्पना कुडाच्या घराशी विलक्षण जुळणारी होती. तार छपराच्या कडेखालून आत यावी, सर्वांत जवळच्या भक्कम मेढीवर एक फळी ठोकलेली असावी, त्या फळीवर मीटर, फ्यूज व बटन एकत्र असावेत, आणि तेथून एक तार आढ्याकडे जाऊन दिवा मध्यभागी लोंबावा. भिंतीला कोठेही हात लावण्याची गरज नाही. विजेचा सारा संसार मेढीवर आणि आढ्यावर, म्हणजे घराच्या दीर्घायुषी अवयवांवर राहतो. काटक्या बदलल्या, लिंपण नवे केले, तरी बोर्ड जागचा हलत नाही.

ह्या योजनेतील शहाणपण मान्य करूनही तिचे धोके दृष्टीआड करता येत नाहीत. पहिला धोका मेढीचाच. ती सागाची वा तशाच टिकाऊ लाकडाची असेल तर प्रश्न नाही; हलक्या लाकडास मात्र जमिनीलगत वाळवी लागते आणि मेढ खचली की तार ताणली जाते. दुसरा धोका छपराचा. तार जेथून आत शिरते तेथेच पागोळी गळते. बाहेरील तारेस आत शिरण्यापूर्वी खाली झोल दिला तर पाणी त्या झोलावरून खाली पडते. तो न दिल्यास तेच पाणी तारेच्या अंगाने थेट बोर्डात उतरते. तिसरा धोका जमिनीचा, आणि तो सर्वांत गंभीर. शेणाने सारवलेली मातीची जमीन पावसाळ्यात ओलसर असते आणि तीवर माणसे अनवाणी वावरतात. विजेचा दोष असलेल्या धातूच्या वस्तूस हात लागला तर प्रवाहास देहातून जमिनीत जाण्याचा मार्ग सिद्धच असतो. एका दिव्याच्या घरात धातूची वस्तू नव्हती तोवर हा प्रश्न सुप्त होता. त्याच बोर्डावरून पुढे पंखा, दूरदर्शन संच, पाण्याचा पंप चालू लागला, तेव्हा तिसऱ्या पिनेचा, म्हणजे अर्थिंगचा अभाव प्राणघातक ठरू शकणारा दोष झाला. गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे बटन आज उपलब्ध आहे. कुडाच्या घरास त्याची गरज बंगल्याहून अधिक आहे, कमी नाही.

आगीच्या बाबतीत मात्र काळाने साहाय्य केले आहे. तंतूच्या जुन्या दिव्यात विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जाई. गवती छपराखाली असा दिवा आढ्याशी बांधणे धोक्याचे होते. एलईडी दिवा तितक्याच उजेडासाठी अत्यल्प वीज घेतो आणि त्यामुळे तापतोही कमी. १८८२ साली लंडनमध्ये ज्या भीतीपोटी पहिले नियम झाले ती भीती दिव्यापुरती पुष्कळ ओसरली आहे. आता आगीचा धोका उरतो तो सैल जोडांत. पिरगाळून नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा तापतो, आणि वाळलेल्या कारवीस तेवढे पुरते.

९. समारोप

बारवी धरणाची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. अखेरच्या टप्प्यात ती ६८.६० मीटरवरून ७२.६० मीटर झाली, आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय नव्या पातळीपर्यंत भरला. तोंडली, काचकोली, मोहघर ह्यांसारख्या वस्त्या ह्या वाढीने बाधित झाल्या आणि तेथील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. इतरत्रही घरकुल योजनांतून कुडाच्या जागी विटेची भिंत येत आहे. ज्यांना पक्के घर मिळाले त्यांनी कुडात राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु कुड जाताना त्याच्याबरोबर मेढीवरचा बोर्डही जातो, आणि त्या बोर्डात साठविलेला एक बिनलेखी व्यवहारही.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ह्या प्रदेशात विजेच्या दिव्याची जागा तंत्राने एकट्याने ठरविली नाही. भारवाही खांब आणि निर्भार भिंत ह्या जुन्या रचनेने ती आधीच सुचविली होती. दोन, सपाट उपकरण आणि असपाट भिंत ह्यांतील विरोध जगात सर्वत्र एकाच तत्त्वाने, म्हणजे मध्ये ठोकळा घालून, सुटलेला दिसतो. ओंडक्यांच्या घरातील कोरलेला ठोकळा आणि आपल्याकडील मेढीवरची फळी ही त्या एका तत्त्वाची दोन रूपे होत. तीन, नियम विटेच्या भिंतीसाठी आणि घरे कुडाची, ही विसंगती निव्वळ अभ्यासाचा विषय नाही. आजही ज्या वाड्यांत अशी घरे उभी आहेत तेथे अर्थिंग, प्रवेशाशी तारेचा झोल आणि गळतीरोधक बटन ह्या तीन गोष्टींची तपासणी पावसाळ्यापूर्वी होणे अगत्याचे आहे.

ठाणे जिल्ह्यातील जुन्या घरांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांनी खणांची मोजमापे घेतानाच वायरिंगच्या पट्ट्या, ब्लॉक आणि बोर्डांच्या जागाही नोंदवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. कोणत्या घरात दिवा प्रथम स्वयंपाकघरात लागला आणि कोणत्या घरात ओटीवर, बटन पुरुषाच्या बैठकीशी आले की चुलीपाशी, ह्या नोंदींतून घरातील अधिकार व श्रम ह्यांचा जो इतिहास उलगडेल तो वीजगृहांच्या अहवालांत मिळणारा नाही. खांब उभे आहेत तोवर हे काम होऊ शकते.